पाणी हाय तवर

शालन, तुझ्या शोकसभेत मी हसले.

बारीकसं नाही, चांगली खळखळून हसले. शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा तो फोटो ठेवला होता, निवृत्तीच्या वेळी काढलेला, ज्यात तू फोटोग्राफरचा गृहपाठ राहिल्यासारखी त्याच्याकडं बघत्येस. शेवंतीचा हार होता, उदबत्त्या होत्या, मागच्या बाकांवर तुझ्या जुन्या विद्यार्थिनी नाकाला पदर लावून बसल्या होत्या. आणि मुख्याध्यापिका उभ्या राहून म्हणाल्या, "शालनबाई म्हणजे खडक होत्या. संकटांच्या लाटा आल्या, आदळल्या, गेल्या. खडक हलला नाही."

झालं! पोटातून जे उसळलं ते दाबायला मी पदर तोंडात कोंबला, तर खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईंनी मला धरलं. "कमलताई, सावरा." कुणीतरी पाण्याचा पेला आणला. सगळा हॉल हळहळला की म्हातारीला हुंदका आवरेना म्हणून. मी का हसत होते हे जाणणारी तिथं तू एकटी होतीस, आणि तुझ्याच गळ्यात हार होता.

सभा संपल्यावर मुख्याध्यापिका माझ्याजवळ आली. आता तिला अहो-जाहो काय करायचं, आपली उज्ज्वला ती, दोन वेण्यांची. उपमा कुठं संपते आणि रूपक कुठं सुरू होतं यात कायम घोटाळा करायची. अजून करते. म्हणाली, तुझा फोटो हॉलमध्ये कायमचा लावायचा ठरलंय. खाली पेंटरकडून एक ओळ रंगवून घ्यायची. "बाई, तुमच्या 'खडक' कवितेतलीच ओळ घेऊ या? त्यांच्यावरच तर लिहिली होतीत ना? शनिवारपर्यंत सांगा."

म्हणजे बघ. तू ज्या शब्दाशी आयुष्यभर भांडलीस तो शब्द आता तुझ्या फोटोखाली ऑइलपेंटनं लिहिला जाणार, आणि पुढं येणारी प्रत्येक पोरगी तुला त्याच नावानं ओळखणार. तुला हलता येत नाही, बोलता येत नाही. उरले मी.

म्हणून लिहायला बसले. तुझा तेरावा व्हायचाय अजून. मीना म्हणते, "आई, आत्ता नका लिहू, जरा सावरा, मग लिहा." तिची आई गेलीय आणि ती मला सावरायला सांगतेय. माझी सून झाली तरी तुझीच लेक. पण 'मग' म्हणजे किती उशीर असतो ते तूच मला शिकवलंयस, खराटा हातात देऊन.

आधी त्या खडकाची गोष्ट सांगते. पोरींना कळू दे त्यांच्या कमलबाई काय चीज होत्या.

तू शाळेत लागलीस तेव्हा तुझे यजमान जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मीना बोटाला. आणि मी शाळेची कवयित्री! अंगावर खादी, केसांचा सैल अंबाडा आणि डोळ्यांवर काळ्या जाड काड्यांचा चष्मा. डोळे ठणठणीत होते. महाद्वार रोडवरच्या दुकानातून साध्या काचा बसवून आणला होता, कारण कवीला चष्मा हवा असं माझं ठाम मत. तोवर समुद्र मी बघितला नव्हता. रत्नागिरीसुद्धा लांबच. पण कवितेत पानोपानी लाटा. संध्याकाळी रंकाळ्यावर बसायचं आणि 'हे अथांग सागरा' म्हणून साद घालायची. सागराच्या जागी समोर कुणाच्यातरी म्हशी डुंबत असायच्या, त्यातली एखादी मान वळवून माझ्याकडं बघायची. मला त्यातही रसिकता दिसायची.

तर तुझ्या दुःखानं मी हेलावले आणि तुझ्यावर कविता केली. नुसती केली नाही, स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी, तू समोर बसलेली असताना, उभी राहून वाचली.

या लाटांनो, या झंझावातांनो, या!
उभी ही अबला खडकासमान...

अशी अकरावीच्या निबंधाएवढी लांब. त्या वेळच्या मोठ्या बाईंनी डोळे टिपले. तू मान खाली घालून खारी चहात बुडवत होतीस. मला वाटलं, गहिवरलीस. खारी मोडून कपात पडली तरी तू मान वर केली नाहीस. मी मनात म्हटलं, कविता पोचली.

मग व्हरांड्यात मला गाठलंस. वर्गात तुझं मराठी असं की बोरूनं लिहिल्यासारखं. पण चिडलीस की थेट तुझ्या माहेरच्या, वाडीच्या घाटावर.

"कमळे, त्यो खडक म्हंजे मी का?"

"हो," मी अंबाडा सावरत म्हटलं.

"खडक सकाळी उठून पोरीच्या वेण्या घालतोय? खडकाची एष्टी चुकतीया? आगं, खडक करतोय काय सांग की मला. काय सुदिक करत न्हाय. पडून असतोय. शेवाळ धरतंय त्येला. आन् मी? उठल्यापास्नं नुसता पळतोय."

"अगं, पण ते रूपक आहे!"

"रूपक हाय म्हणून काय बी चढवशील व्हय अंगावर? मापाचं तरी शीव."

आणि तू तरातरा आठवीच्या वर्गात निघून गेलीस. मी व्हरांड्यात उभी. मला राग आला होता, हे खरं. मराठीची एम. ए. मी, आणि ही कालची आलेली मला माप सांगते! दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कवठाची बर्फी ठेवलीस आणि म्हणालीस, "श्रावणात वाडीला चल. पाणी चढतंय. तुला कवितेला हुईल."

कवितेला होईल म्हटल्यावर मी काय थांबते?

तुमचं घर घाटाकडं जाणाऱ्या बोळात. पुढं तुझ्या वडिलांचं पेढ्यांचं दुकान, मागं तुम्ही राहायचा. कोल्हापुरात लोक एकमेकांना 'जेवलासा का' विचारतात, तुमच्या गावात त्या दिवसांत एकच प्रश्न, "पाणी कुठल्या पायरीला?" कृष्णा नि पंचगंगा दोघी तुंबलेल्या, तांबड्या, देवळाच्या अंगाला लागलेल्या. मी पेन्सिल काढून तयार. भयभीत चेहरे, आक्रोश, विध्वंस असं काहीतरी मिळेल म्हणून.

कुणी भ्यायलेलं दिसेना. तुझी आई, आक्का, पिठाचे डबे माळ्यावर चढवत होती. वडील पेढ्यांच्या पराती एकात एक घालत होते. तेवढ्यात बाहेर वाजंत्री लागली, आणि लोक हात जोडून दारात आले. पाणी गाभाऱ्यात शिरलं होतं म्हणून देवाची उत्सवमूर्ती पालखीतून वरच्या मठात निघाली होती.

मी हबकले. "आक्का, देव गाव सोडून चालला?"

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं रंकाळ्यावरची म्हैस बघायची. "सोडून कुठं चाललाय? सामान आवरून वर निघालाय. पाणी उतरलं की यील. आमी बी त्येच करतोय. ती परात धर."

मी परात धरली. कविता तिथंच अर्धी ढासळली होती, पण मला कळायला वेळ होता. मग तू मला देवळाकडं नेलंस. गाभाऱ्यातल्या पादुकांवरून वाहत आलेलं पाणी दक्षिणेच्या दारानं बाहेर पडत होतं आणि माणसं त्या पाण्यात अंघोळीला उतरली होती. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे. ज्या पुरानं घरं रिकामी करायला लावली त्याच पुरात ती माणसं 'दिगंबरा दिगंबरा' म्हणत डोकं बुडवत होती. मी काठावर उभी राहून लिहिलं, 'हे महाकाळ जला'. खोडलं. पुढं सुचेना.

आणि मग तो प्रसंग. तू मीनाच्या लग्नात सांगितलास, नातीच्या बारशात सांगितलास, दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलास. आता मीच सांगते, तुला तरी खंत नको.

पाणी उतरायला लागलं. पायरी पायरी खाली. घरात अजून गुडघाभर होतं, आणि तुम्ही सगळे कासोटे खोचून, खराटे घेऊन त्यात उतरलात. आक्का, वडील, शेजारपाजार, अख्खा बोळ एका लयीत गाळ दाराबाहेर ढकलतोय. मी जिन्यावर, कोरडी, चष्मा लावून. मला तुमची कणव आली. मी शहाणपणानं म्हटलं, "अहो, एवढी घाई कशाला? पाणी पूर्ण उतरू द्या की. मग सावकाश काढू गाळ."

खराटे थांबले. आक्कानं वडिलांकडं बघितलं. मग पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणतीया ओ पावणी?" आणि तू मोठ्यानं जसंच्या तसं सांगितलंस. त्या बोळात जे हसू पिकलं! एका घरातून दुसऱ्या घरात, घाटापर्यंत. पुराच्या पाण्यापेक्षा जोरात गेलं.

"आगं शहाणे," तू डोळे पुसत म्हणालीस, "पाणी गेल्यावर गाळ धुणार कशानं? थुकीनं? पाणी हाय तवरच ढकलायचा, त्येच्याच पाण्यानं. जाता जाता घिऊन जातंय ते. एकदा का वाळला, की दगड व्हतोय. मग टिकाव घे आन् बस फोडत दसऱ्यापातूर. ये खाली. धर."

आणि खराटा पुढं केलास. मी मोठ्या डौलात शेवटची पायरी उतरले. पाय ठेवला, आणि मराठीची एम. ए. बसली की गाळात! बसली म्हणजे गळ्यापर्यंत. चष्मा गेला. आक्का घाबरून ओरडली, "आगं बाई, पोरीचा चष्मा गेला! आता दिसतंय का तुला?" आता काय सांगू? नंबर नाही म्हणून सांगितलं तर अब्रू जाते, आणि दिसत नाही म्हणावं तर समोर सगळं लख्ख. मी डोळे किलकिले केले. त्या माउलीनं मला हाताला धरून मोरीपर्यंत नेलं, हाताला धरून जेवायला बसवलं, ताटात मीठ कुठं, भात कुठं ते बोट धरून दाखवलं. तू समोर बसून घास गिळत होतीस, तुझा चेहरा लालबुंद. एष्टीत बसल्यावर मात्र तू जी फुटलीस! कंडक्टरला वाटलं, कुणी वारलं म्हणून रडतेय. सारखीच गत, शालन. आपल्या दोघींचं हसू लोकांना नेहमी रडणंच वाटलं.

त्याच एष्टीत तू मला ती गोष्ट सांगितलीस, जी कुठल्याही काव्यशास्त्रात मला सापडली नव्हती. हसू ओसरल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुझा खडक म्हंजे काय सांगू, कमळे? येळेवर न काढलेला गाळ."

पण मी हार मानते होय? शिरोळ मागं पडेपर्यंत मला मुद्दा सापडला. "थांब. उत्सवमूर्ती वर गेली, मान्य. डबे वर गेले, मान्य. पण पादुका? त्या कुणी हलवल्या? त्या खालीच राहतात. पाण्याखाली. सगळा पूर अंगावरून जाऊ देतात. तो खडकच झाला की नाही?"

तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "त्येचं पुढच्या पुराला सांगतो."

पुढचा पूर आला. त्याच्या पुढचा आला. दर श्रावणात मी विचारायची, "काय, पादुकांचं काय ठरलं?" आणि तू म्हणायचीस, "पाणी अजून चढतंय, उतरू दे." मी घरी आले की माझ्या चष्म्यासारख्याच बिननंबरी कवितांची वही उघडायची, चार ओळी लिहायची, तुझा आवाज ऐकू यायचा, 'मापाचं तरी शीव', आणि तीन ओळी खोडायची. माझ्या कविता आखूड होत गेल्या त्या तुझ्यामुळं. लोक म्हणाले, कमलबाईंची शैली परिपक्व झाली. परिपक्व कसली? धाक होता!

वर्गात मात्र तू जे केलंस ते बघून माझी मान ताठ व्हायची. मी फळ्यावर व्याख्या लिहून द्यायची, उपमेय आणि उपमान यांत एकरूपता, ती भिन्न नाहीत असे वर्णन, वगैरे. पोरी उतरून घ्यायच्या आणि विसरायच्या. तू वर्गात गेलीस की पहिल्यांदा सांगायचीस, "समुद्र, वादळ, दिवा आणि खडक यांना या वर्गात यायला बंदी आहे. घरातलं आणा." बिद्रीकडून आलेली ती अबोल पोरगी आठवते? बाप गेलेला. उभी राहून म्हणाली होती, "बाई, आमची आई उसाचा खोडवा हाय. बुडख्याला कापलं तरी फुटतीया." तू खडू खाली ठेवलास. शेजारच्या वर्गातून मला बोलावलंस, "कमलबाई, एक मिनिट या," आणि तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलंस. पोरीची छाती अशी फुगली! मी तुझ्याकडं बघितलं, तुझी तिच्याहून जास्त फुगली होती.

मग माझ्या मुलानं, अविनाशनं, तुझी मीना मागितली आणि आपण विहिणी झालो. लग्नात मानपान चालू असताना, अख्ख्या मांडवासमोर तू वाकून माझ्या कानाशी आलीस. लोकांना वाटलं, विहीण काही नाजूक बोलतेय. तू म्हणालीस, "आहेर दिसतोय न्हवं? का हाताला धरून दावू?" पल्लवी झाल्यावर तिच्या दोन आज्या झाल्या, मी पेठेतली आजी, तू वाडीची आजी. गोष्ट माझ्याकडं, धपाटा तुझ्याकडं, अशी वाटणी.

आणि मग तुझा उजवा अर्धा गेला. हात, पाय, आणि निम्मे शब्द.

मला तू मेलीस त्याहून तो दिवस जड गेला, खरं सांगते. नुसता हात गेला असता तर चाललं असतं. पण शब्द? चमचा दाखवला तर तू त्याच्याकडं बघत राहायचीस, ओठ हलवायचीस, कपाळाला घाम. आणि मी, जन्माची मास्तरीण, उशाशी बसून, "चमचा. म्हण, च-म-चा." तू डोळे मिटून घ्यायचीस.

एक दिवस दुपारी पल्लवी पेज भरवत होती. तू चमच्याकडं बोट केलंस आणि म्हणालीस, "वल्हं."

मी म्हटलं, "नाही, चमचा."

तू ठासून, "वल्हं."

पल्लवी म्हणाली, "आजी, बरोबर आहे की! पेजेत चालवायचं वल्हं!" आणि तिनं पेजेतून चमचा असा चालवून दाखवला. तू हसलीस. अर्ध्या तोंडानं हसलीस, पण त्या आजारपणातलं ते पहिलं.

त्यानंतर दार उघडलं. ज्याचा शब्द सापडेना त्याला तू शेजारचा शब्द द्यायला लागलीस. औषध म्हणजे कारलं. डॉक्टर म्हणजे पुजारी, कारण येतो, पुटपुटतो आणि जातो. मी आले की म्हणायचीस, "घंटा आली." शाळेची घंटा, सारखी वाजणारी. आणि तो निजलेला उजवा हात, त्याला तू डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवायचीस आणि सांगायचीस, "पावणा. खातोय. काम… न्हाय." घर हसायचं. व्यायाम शिकवायला येणारा मुलगा विचारायचा, "आज पाहुणे काय म्हणतात?" आणि तू पाहुण्यांना उठवायचीस, बोट बोट करून, दात खाऊन, रोज.

मी तीस वर्षं पोरींना सांगितलं की रूपक हा अलंकार आहे. घातला तर शोभा, नाही घातला तर चालतं. तुझ्याकडं बघून कळलं, तुझी ती काठी होती. तिच्यावर भार देऊन तू एकेक वाक्य ओलांडलंस.

आणि मग तू हट्ट धरलास. स्नेहसंमेलनात कविता म्हणायची. स्वतः, उभं राहून. मी शेकड्यानं कविता केल्या, तू आयुष्यात एकच केलीस, ती 'वाडी'. मीना नको म्हणाली, अवि नको म्हणाला, मी तर हात जोडले. सगळ्या शाळेसमोर शब्द अडला तर? तू म्हणालीस, "अडू दे की."

तू व्यासपीठावर गेलीस, डाव्या हातात काठी. मी पहिल्या रांगेत, कविता तोंडपाठ करून, पडलेला शब्द उचलून द्यायला टपलेली. सुरुवात नीट झाली.

पाणी चढलं. देव वर निघाला.
आक्कानं पिठाचा डबा माळ्यावर नेला.

आणि पुढं, 'पूर आला', तिथं थांबलीस. नेमका तो शब्द. ज्या शब्दावर सगळी कविता उभी तोच गेला. मी खालून ओठांनी, "पूर! पूर!" तू माझ्याकडं बघून डोळे वटारलेस. मग हळूच आपल्या उजव्या हाताकडं बघितलंस, आणि म्हणालीस,

पावणा आला, राहिला, दारातनं गेला;
मागं ठेवला त्यानं गुडघाभर गाळ.

आधी मागच्या पोरी फिसकल्या. मग शिक्षक. मग सगळा हॉल. ज्यांच्या घरी पाहुणे येऊन राहून गेलेत असे सगळेच होते ना तिथं! तू काठीवर रेलून हसू ओसरायची वाट बघितलीस, अगदी पुराची बघतात तशी. आणि मग एकही शब्द न अडखळता,

रडायचं तर रडा गं, पर खराटा धरून रडा.
पाणी हाय तवर गाळ ढकला.
वाळला की दगड व्हतोय.

टाळ्या नाही वाजल्या लगेच. पोरींना हात कुठं आहेत तेच सुचेना. मग जे वाजलं ते वाजलं. मी रडत होते आणि लोकांना वाटलं, हसतेय. खाली उतरल्यावर मी तुला विचारलं, "शालन, खरंच आठवला नाही का गं पूर?" तू खुर्चीत बसलीस, पाहुण्यांना मांडीवर ठेवलंस, आणि डोळा बारीक करून म्हणालीस, "हुता की… आठवत. पावणा… बरा."

खरं काय ते तू नेलंस बरोबर. आठवला नव्हता की मुद्दाम सोडलास? मी जन्मभर आता हेच चघळत बसणार, हे तुला ठाऊक होतं. पक्की विहीण!

मधे तीन दिवस हे लिहायचं राहिलं; परवा तुझ्या अस्थी घेऊन आम्ही वाडीला गेलो. पाणी उतरणीला लागलं होतं. देव अजून वर मठात होता. मीना-अवि विधीला बसले, आणि मी घाटाच्या वर उभी राहून देवळाकडं बघत होते. मंडपात अजून पाणी. पादुका पाण्याखाली. मी सवयीनं म्हटलं, "काय, पादुकांचं काय ठरलं?" बाजूला कुणी नव्हतं.

मग माझं मलाच उत्तर सुचलं. बरोबर आहे का बघ. नसेल तर स्वप्नात ये आणि भांड. तू शाळेत आलीस त्याआधीचं ते वर्ष, यजमान गेले ते, त्याबद्दल तू एक शब्द कधी बोलली नाहीस. मी पादुकांचं विचारायची तेव्हा खरं तर तेच विचारत होते, आणि तुला ते कळत होतं. त्या वर्षात तू डबे वर नेले नसशील. खराटा धरला नसशील. खाली राहिली असशील, सगळं अंगावरून जाऊ देत. पण पादुकांवरून गेलेलं पाणी तिथंच साचत नाही ना, बाई. ते दाराबाहेर पडतं आणि लोक त्यात अंघोळ करतात. तुझ्या अंगावरून गेलेल्या पाण्यात आमच्या किती वर्गांतल्या पोरी न्हाल्या. मीही न्हाले, चष्मा काढून. म्हणजे तुझंही खरं आणि माझंही. पण निम्मंच माझं, बरं का. खडक नाहीच.

तुझ्या भावाच्या घरात अजून घोट्याएवढं पाणी होतं. वहिनी म्हणाली, "तुमी बसा वर, दुखात हाईसा." मी म्हटलं, "खराटा कुठाय?" पल्लवी म्हणाली, "पेठेतली आजी, तू पडशील." म्हटलं, पडले तर पडले, सवय आहे. दोघींनी मिळून मागच्या खोलीतला गाळ दाराबाहेर काढला. रडत काढला. तू सांगितलंस तसा.

परत आले आणि काल उज्ज्वलाकडं गेले. ओळ दिली. तिनं वाचली. पुन्हा वाचली.

"बाई… 'गाळ'? फोटोखाली? हॉलमध्ये अधिकारी येतात, पाहुणे येतात."

"येऊ देत. पावणेच ते, जातील."

"मग निदान शुद्ध लिहू. 'पाणी आहे तोवर'."

"हाय तवर."

"बाई, 'खडक' किती भारदस्त वाटतं…"

"उज्ज्वले, ती कविता माझी आहे. मी सांगते, मापाची नाही. ही ओळ जाईल, नाहीतर पेंटरच्या शिडीखाली मी बसून राहीन."

तिनं हात टेकले. "तुम्ही पण ना बाई, अगदी खडकासारख्या…"

मी पुन्हा हसले, शालन. बिचारीनं पुन्हा पाणी आणून दिलं.

आज सकाळी पेंटर आला होता. निळ्या रंगात, मोठ्या अक्षरात लिहिलंय. 'तवर'मधला 'व' थोडा तिरका झालाय, तुझ्या चालीसारखा. पोरी मधल्या सुट्टीत घोळका करून वाचत होत्या. एक नवीन पोरगी, मला ओळखत नव्हती, मला विचारते, "आजी, गाळ म्हंजे कसला ओ?"

मी चष्मा पुसला. आता खरा नंबर लागलाय. आणि म्हटलं, "बस की इथं. सांगते."